गारेगार अस्वलं, गोडगोड गाव!

माहीत आहे का, एक अस्वल चॉकलेटच्या कारखान्याच्या अंगणात जन्माला आलं, बर्फावर लहानाचं मोठं झालं आणि नव्वदी उलटली तरी दर हिवाळ्यात स्केट्स बांधून अजून मैदानात उतरतं?

त्या अस्वलाचं नाव हर्शी बेअर्स. अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या हर्शी या छोट्याशा गावची ही आइस हॉकी टीम. हो हो, तेच हर्शी! आइस्क्रीमवर ओतायच्या चॉकलेट सिरपच्या बाटलीवर जे नाव असतं ना, अगदी तेच!

आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात आणि डोळ्यांसमोर हिरवंगार मैदान येतं. इथे मैदानाच्या जागी बर्फ, बुटांच्या जागी स्केट्स आणि बॉलच्या जागी पक. पक म्हणजे कडक रबराची काळी चकती, ३ इंच व्यासाची, १ इंच जाड. मॅचआधी ती चक्क गोठवून ठेवतात. का? गरम पक उड्या मारतो, गार पक शहाण्यासारखा घसरतो. खेळच गारेगार, मग चकती कशी कोमट चालेल?

आता जरा लीगचं गणित. सगळ्यात वरची लीग एनएचएल, तिथे स्टँली कप. तिच्या एक पायरी खाली अमेरिकन हॉकी लीग, म्हणजे एएचएल, आणि तिथे काल्डर कप. एएचएलमध्ये ३२ टीम, प्रत्येकीचं वरच्या एका टीमशी नातं. खालच्या टीमला म्हणतात ‘फार्म टीम’. इथे पेरायचं, वाढवायचं, पीक तयार झालं की वर पाठवायचं. आपली अस्वलं सध्या वॉशिंग्टन कॅपिटल्सच्या शेतात आहेत.

पण ‘मायनर लीग’ या नावावर जाऊ नका हं! एनएचएलमध्ये खेळणाऱ्यांपैकी जवळपास ९० टक्के खेळाडू एएचएलच्या बर्फावर घासून-पुसून लख्ख होऊन गेलेले असतात.

नावाचा बार

सगळ्यात आधी बारशाची गोष्ट. चॉकलेटच्या गावात टीम निघाली, तर नाव काय ठेवाल? १९३२ मध्ये उभ्या राहिलेल्या या टीमचं नाव ठेवलं गेलं ‘हर्शी बार्स’! त्यात गंमत अशी की इंग्रजीत लिहिताना पहिल्या अक्षरानंतर एक छोटीशी अ‍ॅपॉस्ट्रॉफी टाकलेली. डोळ्यांनी वाचलं तर चॉकलेटचा बार, आणि अमेरिकन खेडवळ उच्चारात म्हटलं तर बेअर, म्हणजे अस्वल. एका नावात दोन प्राणी, त्यातला एक खाण्याजोगा!

न्यूयॉर्कच्या पत्रकारांना मात्र ही आयडिया पचली नाही. टीमचं नाव आहे की कंपनीची जाहिरात, असा त्यांचा सूर. शेवटी तो बार फुसका ठरला आणि १९३६ मध्ये टीमचं सरळसोट ‘हर्शी बेअर्स’ झालं. बार गेला, बेअर राहिला. चव मात्र टिकली, कारण टीमचा रंग आजही चॉकलेटी आहे आणि मॅस्कॉटचं नाव आहे कोको!

आणि गाव म्हणाल तर, माहीत आहे का, तिथल्या मुख्य रस्त्याचं नावच चॉकलेट अ‍ॅव्हेन्यू आहे! त्याला छेद देणारा कोको अ‍ॅव्हेन्यू. रस्त्यावरचे दिवे ‘किसेस’ या चॉकलेटच्या आकाराचे. त्यातले काही चंदेरी, म्हणजे वेष्टनातले, आणि काही तपकिरी, म्हणजे वेष्टन सोलून खायला तयार. अशा रस्त्यावरून मॅचला जाताना तोंडाला पाणी सुटणारच.

तो बोटीवर चढला असता तर?

या गावाचा कर्ताकरविता मिल्टन हर्शी. याचं चरित्र म्हणजे धडपड, धडपड आणि पुन्हा धडपड. मिठाईचे धंदे एकामागून एक बुडाले. मग कॅरमेलनं हात दिला, आणि १९०० साली तो चालता कॅरमेलचा कारखाना त्यानं १० लाख डॉलर्सना विकून टाकला. का? तर चॉकलेट करायचं होतं! मग जन्मगावाजवळ कारखाना बांधला, कारखान्याभोवती गाव वसवलं, गावात कामगारांसाठी बाग, थिएटर, पोहण्याचा तलाव असं सगळं आणलं.

पण एक धक्का ऐका. १९१२ च्या एप्रिलमध्ये हा माणूस टायटॅनिकवर असायचा होता! बोटीच्या कंपनीच्या नावानं त्यानं ३०० डॉलर्सचा आगाऊ चेकसुद्धा फाडला होता. कामामुळे लवकर परतायची वेळ आली, त्यानं दुसरी बोट पकडली आणि तो वाचला. तो वाचला नसता तर ना बर्फाचं मैदान, ना टीम, ना हा लेख.

गावात हॉकी आली १९३१ च्या १७ फेब्रुवारीला. पेन एसी हा क्लब आणि व्हिलानोवा युनिव्हर्सिटी यांच्यात हौशी सामना झाला. गावानं हा नवा खेळ असा काही डोक्यावर घेतला की वर्षभरात स्वतःची टीमच हवी झाली. चॉकलेटच्या गावाला बर्फाची चटक लागली!

खांब नाही? खांब कुठे आहे?

आता येऊ या माझ्या सगळ्यात लाडक्या गोष्टीकडे. तिच्यासाठी थोडं थांबाच.

साल १९३६. अमेरिकेत महामंदी. लोकांच्या हाताला काम नाही. अशा वेळी मिल्टन हर्शीनं काय केलं? बांधकामं काढली! हॉटेल, शाळा, थिएटर, ऑफिस. मंदीत सिमेंट, लोखंड स्वस्त आणि माणसं कामाच्या शोधात. मग बांधायला याहून चांगली वेळ कुठली? याच सपाट्यात उभं राहिलं हर्शी स्पोर्ट्स अरीना. १९ डिसेंबर १९३६ ला ते उघडलं.

सात हजारांहून जास्त खुर्च्या! आणि गावात तेव्हा तेवढी माणसंसुद्धा राहत नव्हती. म्हणजे सगळं गाव तान्ह्या बाळांसकट येऊन बसलं, तरी खुर्च्या उरणार! वेडेपणा? पण मिल्टनला माहीत होतं की आजूबाजूच्या गावांतून लोक येतील. आणि आले की!

आता मान वर करून छताकडे बघा. अँटन टेडेस्को या इंजिनिअरनं इथे काँक्रीटचं पातळ कवच घातलं. अर्ध्या कापलेल्या पिंपासारखं गोल छत, दोनशे फुटांहून जास्त रुंद, आणि त्या कवचाची जाडी किती माहीत आहे का? साधारण साडेतीन इंच! आतमध्ये एकही खांब नाही. म्हणजे “पुढे खांब आला, गोल दिसलाच नाही” ही तक्रार करायची सोयच नाही. अंड्याचं टरफल जसं आकाराच्या जोरावर वजन पेलतं, त्याच युक्तीवर हे छत उभं आहे. आणि कमाल म्हणजे, हे अवघड काम मुख्यत्वे हर्शीच्याच माणसांनी केलं. चॉकलेटच्या गावानं काँक्रीटचं पदार्थविज्ञान पचवून दाखवलं!

याच छताखाली २ मार्च १९६२ ला जे घडलं, त्याचा हॉकीशी काडीचा संबंध नाही. पण ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे पुरणपोळीतलं पुरण वगळणं!

त्या रात्री इथे बास्केटबॉल होता. फिलाडेल्फिया वॉरियर्स विरुद्ध न्यूयॉर्क निक्स. नवे चाहते मिळावेत म्हणून वॉरियर्स आपल्या काही ‘घरच्या’ मॅचेस हर्शीत खेळायचे. प्रेक्षक होते ४,१२४ फक्त. टीव्हीचा कॅमेरा नाही. आणि विल्ट चेंबरलेन नावाच्या सात फुटी माणसानं एकट्यानं १०० पॉइंट्स केले! एका मॅचमध्ये. एका माणसानं. तो रेकॉर्ड साठ वर्षं उलटली तरी शाबूत आहे. शंभर नंबरी सोनं म्हणतात ते हेच!

अजून ऐका. चेंबरलेन फ्री थ्रोमध्ये कच्चा म्हणून प्रसिद्ध होता. त्या सीझनला तो दोन्ही हातांनी खालून, लहान मुलं टाकतात तसा बॉल टाकायचा. आणि त्या रात्री? ३२ पैकी २८ आत! बाकी ३६ बास्केट्स. दुप्पट करा ७२, वर २८. बसला ना हिशेब?

आणि तो फोटो! हातात ‘१००’ लिहिलेला कागद धरलेला चेंबरलेन. माहीत आहे का, तो कागद ऐनवेळी वॉरियर्सचे प्रसिद्धीप्रमुख हार्वी पोलॅक यांनी खरडलेला होता? आणि फोटो काढणारे पॉल व्हाथिस हे एपी वृत्तसंस्थेचे फोटोग्राफर. त्या रात्री ते ड्यूटीवर नव्हतेच, मुलाला घेऊन मॅच बघायला आले होते! मॅच रंगली तसे धावत जाऊन कॅमेरा घेऊन आले. बाबांची सुट्टी गेली, जगाला फोटो मिळाला.

एका क्षणात मूड बदलतो, सांभाळा. २८ मार्च १९७९ ला जवळच्याच थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला. गर्भवती बायका आणि शाळेत न जाणारी लहान मुलं यांना परिसरातून हलवायला सांगितलं गेलं. त्यांना आसरा कुठे दिला? अस्वलांच्या घरात! याच अरीनामध्ये. जिथे एरवी पकचे फटके वाजायचे, तिथे खाटा मांडल्या गेल्या. आणि पुढच्याच सीझनला, १९८० मध्ये, त्याच घरच्या टीमनं काल्डर कप जिंकला.

चला, परत रंगीत मूडमध्ये. झगमगीत कपडे घालून बर्फावर नाचणारे ‘आइस कपेड्स’ हे शो एके काळी अमेरिकाभर गाजले. ती कंपनी १९४० मध्ये कुठे स्थापन झाली? हर्शीत! वेगवेगळ्या अरीनांचे मालक-चालक एकत्र बसले. हॉकी नसलेल्या रात्री बर्फ रिकामा का ठेवायचा, म्हणून!

२००२ मध्ये अस्वलांनी घर बदललं. नवं घर जायंट सेंटर, साडेदहा हजार खुर्च्यांचं, जुन्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आणि तिथेही ती गर्दी खेचतात. प्रेक्षकसंख्येत एएचएलमध्ये पहिला नंबर पटकावणं ही हर्शीची वर्षानुवर्षांची सवय आहे.

विंचवाचं बिऱ्हाड? छे!

मायनर लीगच्या टीम म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. आज या गावात, उद्या त्या. नाव बदल, रंग बदल, मालक बदल, कधी गाशाच गुंडाळला. उदाहरण हवं? क्लीव्हलंड बॅरन्स. एके काळचे सम्राट, तब्बल ९ काल्डर कप! १९७३ मध्ये भर सीझनमध्ये टीम उचलून नेली. कुठे? फ्लोरिडात! नारळाच्या झाडांच्या राज्यात बर्फाची टीम. १९७४ मध्ये सगळं संपलंसुद्धा.

आणि हर्शी? १९३८ मध्ये ही टीम लीगमध्ये शिरली. तेव्हापासून त्याच गावात, त्याच नावानं, एकही सीझन न चुकवता! महायुद्ध आलं, गेलं. एएचएलमध्ये इतकी जुनी आणि इतकी एकनिष्ठ दुसरी टीम नाही. हर्शीनंतर सगळ्यात जुनी म्हणाल तर रोचेस्टर अमेरिकन्स, पण ती १९५६ ची, म्हणजे अठरा वर्षांनी धाकटी बहीण.

वरच्या टीम मात्र बदलत राहिल्या. बॉस्टन, पिट्सबर्ग, बफेलो, फिलाडेल्फिया, कोलोरॅडो... वॉशिंग्टनशी तर दोनदा संसार मांडला. पहिला १९७७ ते १९८४, दुसरा २००५ पासून आजतागायत. वरचा साहेब कुणीही असो, अस्वलाचा पत्ता तोच.

कप किती म्हणता? १३! लीगमध्ये सगळ्यांत जास्त. पण माझ्या मते आकड्यापेक्षा भारी आहे त्यांची वाटणी. पहिला कप १९४७. मग १९५८, १९५९. मग १९६९. मग १९७४. मग १९८० आणि १९८८. मग १९९७. मग २००६ आणि २००९. मग २०१०. मग २०२३ आणि २०२४. काही लक्षात आलं? चाळीसपासून आजपर्यंत एकही दशक कोरडं नाही! आजोबांनी कप पाहिला, बाबांनी पाहिला, नातीनंही पाहिला. मला विचाराल तर हॉकीतला हा सगळ्यात गोड विक्रम आहे.

त्यातही १९८८ ची मिजास बघा. प्लेऑफमध्ये १२ मॅच, १२ विजय. हरणं नावाची गोष्टच नाही! लीगच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं.

आणि २००९-१० चा सीझन! ८० पैकी ६० विजय. एएचएलमध्ये साठीला पोचलेली ही पहिली टीम. माणसं साठीला रिटायर होतात, अस्वलं साठीला रेकॉर्ड करतात. घरच्या बर्फावर सलग २४ विजय, तोही लीगचा विक्रम. मग फायनल आली टेक्सास स्टार्सशी, आणि घरच्याच पहिल्या दोन मॅच... धाडधाड हरले! त्याआधी अशा अवस्थेतून कुणीही कप जिंकला नव्हता. अस्वलांनी पुढच्या चारही मॅच मारल्या. शेवटच्या मॅचमधला विजयी गोल जॉन कार्लसनचा. याच पोरानं त्याच वर्षी जानेवारीत ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये कॅनडाला कॅनडात जाऊन ओव्हरटाइममध्ये रडवलं होतं. एकाच वर्षात, एकाच काठीनं, दोन फायनल!

२०२३ ची फायनल तर हृदय कमकुवत असलेल्यांनी वाचू नये. समोर कोचेला व्हॅली फायरबर्ड्स, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातली नवी कोरी टीम, पहिलाच सीझन. म्हणजे लीगची सगळ्यात म्हातारी विरुद्ध सगळ्यात तान्ही! पहिली मॅच ५-०. दुसरी ४-०. दोन्ही तान्हीच्या खिशात, म्हातारीला एकसुद्धा गोल नाही. मग अस्वल जागं झालं. सातव्या, निर्णायक मॅचमध्येही आधी २-० नं मागे, मग बरोबरी, मग ओव्हरटाइम आणि माइक व्हेकियोनचा गोल. अस्वलाच्या गुदगुल्या म्हणतात त्या ह्याच, हसत हसत जीव घेणाऱ्या!

पुढच्या वर्षी पुन्हा तेच दोघे समोरासमोर, पुन्हा ओव्हरटाइममध्ये शेवट, पुन्हा हर्शी! या वेळी गोल मॅट स्ट्रोमचा. त्याचा मोठा भाऊ डिलन कुठे खेळतो ठाऊक आहे? वरच्या मजल्यावर, वॉशिंग्टन कॅपिटल्समध्ये. एक भाऊ शेतात, एक भाऊ वाड्यात.

आणि त्या दोन्ही वर्षांचे कोच टॉड नेल्सन? काल्डर कप खेळाडू म्हणून जिंकला, असिस्टंट कोच म्हणून जिंकला आणि हेड कोच म्हणूनही जिंकला. तिन्ही खुर्च्यांवर बसून कप उचलणाऱ्या मोजक्या माणसांतला हा एक.

माणसं अशी की बास!

फ्रँक मॅथर्स. १९५६ मध्ये हर्शीत आले ते प्लेअर-कोच म्हणून, म्हणजे स्वतःच खेळायचं आणि स्वतःलाच ओरडायचं! मग कोच, मग मॅनेजर, मग प्रेसिडेंट. १९९१ मध्ये निवृत्त झाले. तब्बल ३५ वर्षं एकच गाव. कोच म्हणून ६१० विजय. सहा काल्डर कपांवर त्यांच्या हाताचा ठसा, तीन बेंचवरून आणि तीन ऑफिसातून. १९९२ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्यांची वर्णी लागली.

विली मार्शल. एएचएलच्या इतिहासात सगळ्यात जास्त गोल, ५२३. सगळ्यात जास्त पॉइंट्स, म्हणजे गोल आणि गोलला केलेली मदत मिळून, १,३७५. मॅचेस १,२०५. या डोंगराचा मोठा भाग त्यानं हर्शीच्या बर्फावर रचला. आज लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारा पुरस्कार त्याच्याच नावाचा आहे. सर्वाधिक पॉइंट्सचा पुरस्कार? तो जॉन सोलेनबर्गर यांच्या नावाचा. तेही हर्शीचेच मॅनेजर आणि प्रेसिडेंट! मॅथर्स यांच्या नावाचीही एक ट्रॉफी आहेच. म्हणजे लीगच्या कपाटात हात घालाल तिथे अस्वल!

जर्सीची गंमत ऐका. मोठ्या खेळाडूचा नंबर ‘रिटायर’ करतात, म्हणजे तो पुन्हा कुणाला देत नाहीत. हर्शीत काही नंबर दोन-दोन जणांच्या नावे रिटायर झालेत! ३ नंबर मॅथर्स आणि राल्फ केलर यांचा. ९ नंबर आर्नी कुलमन आणि टिम टुकी यांचा. १६ नंबर विली मार्शल आणि मिच लामोरो यांचा. हीरो एवढे झाले की आकडे अपुरे पडायला लागले.

डॉन चेरी हे नाव कॅनडात घराघरात माहीत. २०१९ पर्यंत भडक सूट घालून टीव्हीवर हॉकीचा फड रंगवणारा गडी. पण खेळाडू म्हणून तो एनएचएलमध्ये किती मॅचेस खेळला? एक! फक्त एक, १९५५ च्या प्लेऑफमध्ये, बॉस्टनकडून. बाकी त्या काळात तो होता आपल्या हर्शीत. आणि तिथेच त्याला रोझ भेटली, त्याची आयुष्याची जोडीदार. एनएचएलनं एक मॅच दिली, हर्शीनं परफेक्ट मॅच जुळवून दिली!

आता थोडा सिनेमा. मायनर लीग हॉकीवरचा सगळ्यात गाजलेला पिक्चर ‘स्लॅप शॉट’, १९७७, हीरो पॉल न्यूमन. त्यात हिरव्या जर्सीत ७ नंबर घालून पळणारा एक पोरगा दिसतो. तो ब्रूस बूद्रो. न्यूमनच्या पात्राचं घर म्हणून जो फ्लॅट दाखवलाय, तोही बूद्रोचाच! हाच बूद्रो पुढे हर्शीचा कोच झाला आणि २००६ चा कप जिंकून देऊन गेला. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये भर सीझनमध्ये वॉशिंग्टनहून फोन आला, चला वर! तो गेला आणि त्याच सीझनचा एनएचएलमधला सर्वोत्तम कोचचा पुरस्कार घेऊन बसला.

जे बीगल तर शिडीची एकही पायरी न चुकवणारा. एएचएलच्याही खालची लीग ईसीएचएल. तिचा केली कप त्यानं २००७ मध्ये जिंकला. मग हर्शीबरोबर काल्डर कप २००९ आणि २०१० ला. मग वॉशिंग्टनबरोबर स्टँली कप २०१८ ला. तिन्ही लीगचे तिन्ही कप जिंकणारा इतिहासातला पहिला खेळाडू!

टेडी, स्टेडी, गो!

आणि आता, मंडळी, ज्याच्यासाठी तुम्ही इथवर आलात तो आयटम नंबर!

वर्षातून एकदा हर्शीतले प्रेक्षक मॅचला जाताना हातात टेडी बेअर घेऊन जातात. एक नाही, पिशव्याच्या पिशव्या. मॅच सुरू होते. सगळे श्वास रोखून. अस्वलांनी पहिला गोल केला की... धाssड! चहूबाजूंनी टेडींचा पाऊस! ससे, हत्ती, माकडं, डायनोसॉर आणि अर्थातच अस्वलं. वरच्या रांगेतल्यांनी टाकलेले टेडी खालच्यांच्या डोक्यावर, खालचे ते उचलून पुढे फेकतात, आणि मिनिटाभरात पांढरा बर्फ रंगीबेरंगी गोधडीसारखा दिसायला लागतो.

या प्रथेची सुरुवात कॅनडात झाली, १९९३ मध्ये, कॅमलूप्स ब्लेझर्स या टीमच्या मॅचला. हर्शीनं २००१ मध्ये ती उचलली. आणि मग असा काही वेग घेतला की बस्स!

आकडे वाचा, पण बसून वाचा. कॅलगरी हिटमेन या टीमचा २०१५ चा विश्वविक्रम होता २८,८१५. हर्शीनं २०१८ मध्ये तो मोडला, ३४,७९८. मग स्वतःचाच विक्रम मोडायचं वेड लागलं. २०१९, ४५,६५०. २०२२, ५२,३४१. २०२३, ६७,३०९. २०२४, ७४,५९९. आणि ५ जानेवारी २०२५ ला? १,०२,३४३! लाख पार! साडेदहा हजार खुर्च्यांचं मैदान, म्हणजे खुर्चीमागे जवळपास दहा टेडी. लाखमोलाचा गोल म्हणजे दुसरं काय असतं?

हे सगळे टेडी जातात कुठे? परिसरातल्या सेवाभावी संस्थांकडे आणि त्यांच्यामार्फत मुलांपर्यंत. आणि इथे मला मिल्टन हर्शीची आठवण होतेच. त्याला आणि त्याच्या बायकोला, कॅथरीनला, मूल नव्हतं. १९०९ मध्ये दोघांनी मिळून अनाथ मुलांसाठी शाळा काढली, आणि १९१८ मध्ये त्यानं आपली जवळपास सगळी संपत्ती शाळेसाठी ट्रस्टमध्ये टाकली. तीही गुपचूप. लोकांना कळलं ते काही वर्षांनी. आणि मजा म्हणजे, आजही अस्वलांची मालकी ज्या हर्शी एंटरटेनमेंट अँड रिसॉर्ट्स कंपनीकडे आहे, तिचा मालक तोच ट्रस्ट. म्हणजे तिकीट काढून गोलवर ओरडणारा प्रेक्षक थेट त्या शाळेच्या गोष्टीतच येऊन बसतो!

इकडे बर्फावर धमाल चालू असते. खेळाडू टेडींच्या ढिगात सूर मारतात. एखादा गोलकीपर ढिगात पाठीवर पडून हातपाय हलवतो. स्वयंसेवक ढकलगाड्या आणि खोकी घेऊन धावतात, मुलं ओरडतात, मोजणारे मोजतात, आणि आकडा जाहीर होईपर्यंत कुणी खुर्ची सोडत नाही.

मग लाऊडस्पीकरवर आकडा येतो, छत दणाणतं. शेवटचा चुकार ससा उचलला जातो, बर्फावर चिकटलेला कापूस झाडला जातो, रेफ्री मधोमध येऊन पक खाली टाकतो आणि खरी अस्वलं पुन्हा धावायला लागतात. मॅच अजून बाकी आहे, आणि स्कोअर आहे फक्त एक!